स्वखुशीने, अक्कलहुशारीने

अण्णा,

इथं तळघरात ऊब आहे, हे आधी सांगून टाकते. नाहीतर अमेरिका म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं नुसता बर्फ आला असता आणि हातातलं काम टाकून तुम्ही माझ्यासाठी मफलर शोधायला उठला असता. बर्फ आहे, नाही असं नाही, पण तो बाहेर. भिंतीत अगदी वर एक लांबट खिडकी आहे. तिच्यातून रस्त्यानं जाणाऱ्या पोरापोरींचे नुसते बूट दिसतात आणि बुटांना चिकटलेला बर्फ. आत पाइप गुणगुणत असतात, दिव्यांचा उजेड दुधासारखा पडलेला असतो आणि माझ्यापुढं एका मेलेल्या माणसाची पत्रं. दुपार कलायला लागली की डोळ्यांवर अशी गुंगी येते, की आपण न्यू जर्सीत पिस्कॅटवेला आहोत की तुमच्या कचेरीपुढच्या कडुनिंबाखाली, हेच क्षणभर कळत नाही. जुन्या कागदाचा वास दोन्हीकडे तोच आहे. त्यामुळं असेल, पण हल्ली तुम्ही फार येता.

हे काम म्हणजे नोकरी नव्हे, बरं का. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बाईला या देशात पगार घेता येत नाही. फुकट राबली तर मात्र सरकारची काही हरकत नाही. आम्ही इथं आलो आणि पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्कचे ते दोन टॉवर पडले. कंपन्या माणसं काढायला लागल्या, जावई तुमचे वर्षभर धास्तीत होते, आणि मी घरात बसून भिंतींशी बोलायला लागले होते. तेव्हा शेजारच्या एका बाईनं विद्यापीठाच्या लायब्ररीत माझी गाठ घालून दिली. जुनी पत्रं लावायचं काम. तेव्हापासून गळ्यात कार्ड अडकवून येते. त्यावर माझा फोटो आणि फोटोखाली मोठ्या अक्षरांत 'व्हॉलंटियर'. या शब्दानं माझी काय फटफजिती केली ते पुढं सांगते. इथल्या मुख्य बाई सत्तरीला टेकल्यात, पण खोकी अशी उचलतात की मी बघत राहते. पहिल्या दिवशी काम शिकवताना म्हणाल्या, "गंजलेल्या टाचण्या काढायच्या, घड्या सरळ करायच्या, फोल्डरमध्ये घालायचं, पुढचं घ्यायचं. आणि वाचायचं नाही हं! वाचायला लागलीस तर जन्मात संपणार नाही." मी मान डोलावली आणि त्याच दुपारी वाचायला लागले. मुलगी कोणाची?

ही पत्रं एका डॉक्टरची. त्यांचा पेशा वेगळाच होता, पण नाद लागला पीतज्वराचा, म्हणजे इथल्या भाषेत यलो फीवरचा. शंभरएक वर्षांपूर्वी क्यूबात अमेरिकन लष्करातल्या डॉक्टरांनी पीतज्वर कशानं पसरतो ते शोधून काढलं, आणि त्यासाठी जिवंत माणसांना डास चाववले. मुद्दाम! एका लाकडी खोलीत मेलेल्या रोग्यांच्या घाण चादरींवर माणसं झोपवली, ती ठणठणीत राहिली. दुसऱ्या स्वच्छ खोलीत डास सोडले, तिथली माणसं तापानं फणफणली. त्यांच्यात काही शिपाई होते, काही स्पेनहून नुकतेच बोटीतून उतरलेले मजूर. सगळे आपण होऊन पुढं आले, असं पुस्तकात छापलेलं असतं. आमच्या डॉक्टरसाहेबांना तेवढं पुरेना. कितीतरी वर्षांनी त्यांनी जिवंत राहिलेल्यांचे पत्ते हुडकले आणि पत्रं लिहायला घेतली. खोलीचं दार कुठल्या बाजूला होतं? तुमची खाट कुठली? तुम्हाला आधी विचारलं होतं का, आणि काय शब्दांत विचारलं? उत्तर आलं की त्या उत्तरावर आणखी प्रश्न. म्हातारे शिपाई बिचारे पेन्सिलीनं थरथरत लिहायचे. एक लिहितो, आम्ही ओळीत उभे होतो आणि मी एक पाऊल पुढं टाकलं. त्याच तुकडीतला दुसरा लिहितो, कसली ओळ नि कसलं पाऊल, आम्ही पत्ते खेळत होतो आणि साहेब आत आला. डॉक्टर पुन्हा दोघांनाही लिहितात. असं आयुष्यभर चाललं. सगळं नक्की कळल्याशिवाय पुस्तक लिहायचं नाही असा हट्ट, मग ते लिहिलंच गेलं नाही, आणि खोकी तेवढी उरली. मला या माणसाचा रागही येतो आणि मायाही वाटते.

तर तो शब्द. गणपतीत मंडळाच्या जेवणाला एका काकूंनी विचारलं, "हल्ली दिसत नाहीस गं, काय करतेस?" मी ऐटीत सांगितलं, "लायब्ररीत असते. यलो फीवरच्या कामावर व्हॉलंटियर आहे." अहो, यलो म्हणजे पिवळा, पिवळा ताप म्हणजे कावीळ, असं काकूंनी तिथल्या तिथं भाषांतर करून टाकलं. आरती संपून पानं वाढेपर्यंत हॉलभर झालं की मला कावीळ झालीय आणि विद्यापीठानं मला प्रयोगाला घेतलंय. आमटी वाढणाऱ्या बाईनं माझ्या पानाशी येऊन पळी मागं घेतली, "तुला नको गं, फोडणीचं आहे." दुसऱ्या दिवशी दाराशी ताकाची बरणी, मुळ्याची जुडी आणि शेजारच्या एडिसन गावातल्या इंडियन दुकानातून कोणीतरी आणलेले उसाच्या रसाचे डबे. एका मावशींचा फोन आला, त्यांच्या गावाकडे एक माणूस काविळीची माळ देतो, डोक्यावर ठेवली की वाढत वाढत खाली उतरते आणि कावीळ घेऊन जाते, कुरिअरनं मागवू का? मी हसून हसून बेजार. जावई म्हणाले, "सगळ्यांना फोन करून क्लिअर कर बाई, ऑफिसातसुद्धा विचारतायत लोक." लेक म्हणाली, "आई, यू आर फेमस!" ही तुमची नात. तुम्ही पाहिली नाहीत. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत येतं.

आणि मग मी खरंच आजारी पडले की हो. कावीळ नव्हे, बोटं. टाचण्या काढताना आधी नुसती ठणकायची, मग सकाळी उठल्यावर मुठी वळेनात. कुकरचं झाकण लागेना, लाटणं धरवेना, लेकीची वेणी घालता येईना. तिनं गुपचूप केस कापून घेतले आणि म्हणाली, आय लाइक इट शॉर्ट. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी लांबलचक नाव सांगितलं, आपण संधिवात म्हणू. गोळ्यांनी भागेना, तेव्हा या हिवाळ्यात त्यांनी सुचवलं, एका नव्या इंजेक्शनची ट्रायल चालू आहे, तू त्यात बसतेस. गुण आला तर हात वाचतील. पण त्या औषधानं अंगातली रोगाशी झुंजायची ताकद उतरते, साधा खोकलाही जिवावर बेतू शकतो. शिवाय काही जणांना नुसतं पाणीच टोचणार, आणि कोणाला काय टोचलं हे डॉक्टरांनाही ठाऊक नसणार. जाडजूड कागद दिले घरी वाचायला. जावई ते चाळून म्हणाले, "सही कर ना यार, काय एवढा विचार करतेस? नाहीतर हात जातीलच." लेक म्हणाली, "आई, इट्स जस्ट अ फॉर्म." दोघांचाही माझ्यावर जीव आहे, ते काय मला कळत नाही? पण कागद जेवणाच्या टेबलावर तसाच पडून राहिला आणि मी रोज त्याच्याभोवतीनं फडकं मारत राहिले. कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं दिसतं म्हणतात, तसं मला जिकडंतिकडं सह्याच दिसायला लागल्या. लोकांच्या सह्या, शिपायांच्या सह्या, आणि तुमच्या टेबलावरचे ते निळे अंगठे.

शाळा सुटली की मी तुमच्या टेबलाशी येते. कडुनिंबाखाली टेबल, टेबलाचा एक पाय तोकडा, त्याखाली कौलाचा तुकडा. तुम्ही कागद लिहिता आणि ओल्या शाईवर टिपकागद दाबणं हे माझं काम. तालुक्यात कोणी जमीन विको, घर गहाण टाको, मूल दत्तक देवो, कागद अण्णांच्याच हातचा हवा. तुमच्या अक्षराला लोक नावाजायचे. प्रत्येक कागदाच्या शेवटी तेच वाक्य, 'हे खत मी स्वखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून दिले असे.' मला ते पाढ्यासारखं पाठ. तुम्हीही ते जांभई देता देता लिहायचात, खोटं कशाला बोलू. आणि त्या दिवशी दोन दीर आपल्या विधवा भावजयीला घेऊन आलेत. विहिरीलगतचा तिच्या वाट्याचा तुकडा विकायचाय. दीर बोलतायत, तुम्ही लिहिताय, ती खाली जमिनीवर बसलीय, पदर डोळ्यांना. तुमचा टाक 'स्वखुशीने'पाशी येतो आणि थांबतो. टोकाशी शाईचा थेंब जमतो. मी टिपकागद पुढं करते. तुम्ही टाक ठेवता आणि दिरांना म्हणता, "तुम्ही दोघं जरा चहा घेऊन या."

"अहो, एवढं संपवा की, मग जाऊ," मोठा दीर म्हणाला.

"आधी चहा!" तुम्ही असे कडाडलात की फांदीवरचे कावळे उडाले. ते गेले. मग तुम्ही खुर्ची सोडलीत आणि पांढऱ्या धोतरानिशी तिच्यापुढं धुळीत उकिडवे बसलात. "बाई, तुमच्या मनात काय आहे?" असं विचारलंत. ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. पण पुष्कळ बोलली. मध्येच हसलीही. तुम्ही नुसते हं, हं करत होतात. दीर परत आले तेव्हा तिनं डोळे कोरडे केले होते, आणि कोणी सांगायच्या आत आपण होऊन अंगठा पुढं केला. मला काही उमजेना. देणारच होती तर रडत का होती? आणि रडत होती तर अंगठा का दिला? मी विचारलं, तर तुम्ही खेकसलात, "नसत्या चौकशा हव्यात कशाला तुला? दौत बंद कर." घरी आईनं धोतराकडं बघून कपाळाला हात लावला. तो मातीचा डाग काही गेला नाही, धोतराचं पुढं पोतेरं झालं.

आता आणखी एक दिवस, कितीतरी वर्षांनंतरचा, आणि हा मला तुम्हाला सुनवायचाय. पुण्याहून पाहुणे आलेत. मी आणि आई स्वयंपाकघरात. मी पोह्यांवर खोबरं भुरभुरतेय, आई उगाचच कपबश्या पुसतेय, पुन्हा पुसतेय. बाहेरच्या खोलीत तुमचं हसणं. तुम्ही पाहुण्यांत इतकं मोठ्यानं कधी हसायचा नाहीत. मग पाहुणे गेले, तुम्ही स्वयंपाकघराच्या दाराशी आलात, चौकटीला हात टेकलात आणि म्हणालात, "ठरलं." बस. एवढंच. आईच्या डोळ्यांत पाणी, तुमच्या हातात पेढ्यांचा पुडा. तुम्ही एक पेढा माझ्या तोंडात घातलात, आणि तोंड पेढ्यानं भरलेलं असताना माणूस काय बोलणार? सांगा ना अण्णा, माझ्यापुढं कोण बसलं उकिडवं? कोणा परक्या बाईसाठी धोतर मळवलंत, आणि पोटच्या पोरीला एक पेढा. मला राग आला होता. आजही आहे. लग्नानंतरच्या दुसऱ्याच दिवाळीला तुम्ही गेलात, म्हणून भांडायचं राहूनच गेलं. पुढं मी पुण्याला गेले, पुण्याहून इथं आले, जिथं जिथं नेलं तिथं तिथं संसार थाटला, लोणची घातली, हसले. वाईट काही झालं नाही. पण व्हिसाच्या कागदावर माझ्या नावापुढं 'डिपेंडंट' असं छापून आलं, तेव्हा मला तुमच्या त्या दारातल्या एका शब्दाची आठवण झाली होती.

पीतज्वरवाल्या डॉक्टरांच्या इतक्या खोक्यांत त्या स्पॅनिश मजुरांचं एकही पत्र नाही. कराराची नक्कल आहे. आपण आपल्या इच्छेनं हे पत्करतो, धोका आपल्याला समजला आहे, वगैरे वगैरे. भाषा वेगळी, पण अगदी तुमच्या हातचा कागद वाटावा असा. खाली नावं आहेत. डॉक्टरांनी त्यांचाही शोध घेतला, कुठं कुठं पत्रं धाडली, आणि सगळीकडून एकच उत्तर, असा माणूस इथं सापडत नाही. परवा दुपारी ती नक्कल सरळ करता करताच माझा डोळा लागला. बघते तर कचेरीपुढं कडुनिंबाखाली ओळीनं खाटा, खाटांवर मच्छरदाण्या, आणि मच्छरदाण्यांवर पिवळ्याधमक निंबोळ्या टपटप पडतायत. आत मिशाळ, दमलेली माणसं पडलीयत. तुम्ही एकेका खाटेशी उकिडवे बसताय, जाळी वर करताय आणि त्यांच्याशी कुठल्या भाषेत कोण जाणे बोलताय. त्यांनाही ती कळतेय. कोणी हसतंय, कोणी तुमचा हात धरून ठेवतंय. शेवटच्या खाटेवर मी आहे, सुजलेले हात मांडीवर घेऊन. तुम्ही माझ्या शेजारच्या खाटेपर्यंत आलात. तुमच्या धोतराला माती लागलेली मला दिसली. तेवढ्यात खांद्यावर हात पडला. मुख्य बाई. "वाचत होतीस ना?" म्हणाल्या. मी म्हटलं, "नाही हो, झोपले होते." "ते तर आणखी वाईट," म्हणाल्या आणि मला कॉफी आणायला पाठवलं.

काल दवाखान्यात गेले. जावई बरोबर होते, त्यांनीच ड्राइव्ह केलं. ट्रायलची नर्स थोराड हाडाची, चष्मा गळ्यात साखळीला, टेबलावर लिमलेटच्या गोळ्यांची वाटी. तिनं कागद उलगडले, माझ्याकडं बघितलं, जावयांकडं बघितलं आणि म्हणाली, "सर, खाली चांगली कॉफी मिळते." जावई म्हणाले, "थँक्स, आय अॅम फाइन." ती म्हणाली, "ते दिसतंय मला. जा, कॉफी घेऊन या." अण्णा, माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. जावई उठून गेले. दार लागलं. तिनं आपली चाकाची खुर्ची टेबलामागून ओढली आणि थेट माझ्या गुडघ्यांपाशी आणली. म्हणाली, "कागदात काय आहे ते मला पाठ आहे. तू तुझ्या शब्दांत सांग, काय होणार आहे, आणि तुला ते हवंय का. नको असलं तर नको. बाहेर मी सांभाळून घेईन."

माझ्या शब्दांत! मी तोंड उघडलं आणि रडूच फुटलं. मग जे सुटले ते सुटलेच. मोडक्या इंग्रजीत, मध्येच मराठीत. सुईची भीती वाटते म्हणाले. या परक्या मुलखात खोकून खोकून मेले तर लेकीचं काय म्हणाले. हात गेले तर मी कोणाच्या कामाची, म्हणाले. पाणीच टोचलं तर फुकट आशा लागेल म्हणाले. काविळीची आणि उसाच्या रसाची गोष्टही सांगितली, का ते देव जाणे, आणि ती इतकी हसली की मीही हसायला लागले. घाई नव्हती तिला. हं, हं करत होती. बोलून बोलून रिकामी झाले, तेव्हा आत खाली जो उरला होता तो होकारच होता. माझा मलाच अचंबा वाटला. मी ताठ बसले आणि मोठ्यानं, तुमच्या चालीत म्हटलं, "स्वखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता." ती म्हणाली, "मला एक अक्षर कळलं नाही, पण हे 'येस' असल्यासारखं वाटतंय." "येस," म्हटलं मी. सही वाकडीतिकडी आली, बोटांचा दोष. जावई कॉफीचे दोन पेले घेऊन आले, माझे लाल डोळे बघून घाबरले. "काय झालं? काय एवढं बोलत होतात?" मी म्हटलं, "काही नाही. नसत्या चौकशा हव्यात कशाला?" आणि त्यांच्या हातातला पेला घेतला.

कडुनिंबाखालची ती बाई तुम्हाला काय म्हणाली असेल ते आता मला न ऐकताच कळलंय. तुम्ही तेव्हा सांगितलं असतंत तरी कळलं नसतं, म्हणून खेकसल्याबद्दल तुम्हाला माफ.

पहिलं इंजेक्शन पुढच्या आठवड्यात. औषध की पाणी, ते कळणार नाही. हे पत्र मी फोल्डरांच्या ढिगाआड लपवून लिहितेय. अक्षर बघून तुम्ही मला पुन्हा पुस्ती गिरवायला बसवलं असतंत. मध्ये मध्ये बोटं चोळावी लागतात, तोवर खिडकीतून बूट जाताना बघते. मुख्य बाईंच्या हाती लागलं तर त्या विचारतील, तारीख कुठाय, पत्ता कुठाय, ठेवायचं कुठल्या फोल्डरात? पाठवायचं तर नाहीच. पण घडी घालायच्या आधी एक गोष्ट तुमच्या कानावर घालते, ती मी तुमच्या जावयांनाही कधी सांगितलेली नाही. त्या दिवशी पोह्यांवर खोबरं घालता घालता मी दाराच्या फटीतून बाहेर बघितलं होतं. चहा पिताना वाफेनं त्यांचा चष्मा पार धुरकटला होता, आणि तो न पुसता, काही म्हणजे काही दिसत नसताना, ते तुमच्या बोलण्याला आदबीनं माना डोलवत होते. मला तिथंच आवडले होते. तुम्ही विचारलं असतंत, तर मी हो म्हटलं असतं, अण्णा. पण विचारायला हवं होतंत.